मोठ्या कॉन्सर्टचं तिकीट अधिकृत साइटवरून कसं काढायचं: पहिल्यांदा प्रयत्न करणाऱ्यांसाठी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या शोची तिकिटं दुपारी बाराला बुकमायशोवर खुली होणार होती. आमच्या ठाण्याच्या घरी टेबलावर लॅपटॉप, दोन मोबाइल आणि गार होत चाललेले पोहे. लेकीचा रांगेतला नंबर चार लाखांच्या पुढे गेला, माझा चाळीस हजारांच्या आसपास आला. बऱ्याच वेळाने माझी पाळी आली. दोन तिकिटं निवडली, कार्डाचा नंबर टाकला आणि बँकेने व्यवहार नाकारला. परत टाकला, परत नाकारला. तेवढ्यात वेळ संपली आणि तिकिटं हातची गेली. कारण संध्याकाळी कळलं. कार्ड ऑगस्टमध्ये बदलून आलं होतं आणि त्यावर ऑनलाइन वापर मी सुरूच केला नव्हता.

पुढे १६ नोव्हेंबरला अहमदाबादच्या शोची विक्री होती. त्या वेळी आम्ही आठवडाभर आधी तयारीला लागलो, तिकिटं मिळाली आणि २५ जानेवारी २०२५ ला आम्ही दोघी मायलेकी नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये होतो. रांगेतला नंबर कुणाच्याच हातात नसतो. पण नंबर लागल्यावर जी चार-पाच मिनिटं मिळतात ती वाया घालवायची की नाही, हे मात्र आदल्या आठवड्यात ठरतं. म्हणून हा लेख.

आधी हे जमवून ठेवा

- ज्या साइटवर विक्री आहे तिथलं खातं, मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही पडताळलेले
- ऑनलाइन वापर सुरू असलेलं एक डेबिट किंवा क्रेडिट कार्ड आणि पर्याय म्हणून यूपीआय
- ओटीपी ज्या नंबरवर येतो तो फोन, चार्ज केलेला आणि तुमच्याच हातात
- सरकारी ओळखपत्र (नाव खात्यावरच्या नावाशी जुळणारं)
- एका कागदावर लिहिलेलं: तारीख, पहिली पसंती, दुसरी पसंती, जास्तीत जास्त किती पैसे
- घरच्या वायफायबरोबर मोबाइल डेटाही

१. अधिकृत विक्रेता कोण, हे कलाकाराकडूनच कळू द्या

गूगलवर कार्यक्रमाचं नाव टाकलं की सगळ्यात वर बहुतेक वेळा जाहिराती येतात. तिथून आत शिरू नका. कलाकाराच्या किंवा आयोजकाच्या अधिकृत वेबसाइटवर दौऱ्याच्या तारखा असतात आणि प्रत्येक तारखेपुढे तिकिटांची लिंक असते. त्याच लिंकवरून जा. भारतात मोठ्या कार्यक्रमांची विक्री सध्या मुख्यतः बुकमायशो आणि झोमॅटोचं डिस्ट्रिक्ट अ‍ॅप यांच्यावर होते. पूर्वी पेटीएम इनसायडरवर मिळणारी तिकिटं आता डिस्ट्रिक्टकडे गेली आहेत, कारण २०२४ मध्ये झोमॅटोने तो व्यवसाय विकत घेतला. जुना बुकमार्क असेल तर तो काढून टाका.

साइटचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. नावात एक जास्तीचं अक्षर, मध्ये आडवी रेघ किंवा शेवटी अनोळखी शेपूट दिसलं की मागे फिरा. सोपा उपाय म्हणजे अ‍ॅप. प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरून घेतलेल्या अ‍ॅपमधून गेलात तर खोट्या साइटवर पोचण्याचा प्रश्नच येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलमधून कुठलंही अ‍ॅप टाकायचं नाही, मग ती फाइल सख्ख्या भावाने पाठवलेली असो.

आणखी एक बघा: प्रीसेल आहे का? काही कार्यक्रमांत ठरावीक बँकेच्या कार्डधारकांना सगळ्यांच्या आधी तिकिटं मिळतात. दिलजीत दोसांझच्या २०२४ च्या भारत दौऱ्याच्या वेळी असंच झालं होतं. घरात कुणाकडे ते कार्ड असेल तर विचारून ठेवा. मात्र फक्त प्रीसेलसाठी नवीन क्रेडिट कार्ड काढण्याच्या मागे लागू नका. कार्ड हाती येईपर्यंत बहुधा विक्री आटोपलेली असते.

२. छापलेली किंमत आणि खिशातून जाणारी रक्कम

कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या शोची तिकिटं २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होती. जाहिरातीत ‘अमुक पासून पुढे’ असं लिहिलेलं असतं, तो आकडा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी संपणाऱ्या जागांचा. तुमचं गणित मधल्या दरावर मांडा.

त्यावर कन्व्हिनियन्स फी (साइटचं बुकिंग शुल्क) लागते आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्यावर असेल तर १८ टक्के आहे. दाखवलेल्या दरात तो धरलाय की शेवटी वेगळा लागणार, हे कार्यक्रमाच्या पानावर बारीक अक्षरात असतं. समजा तिकीट ४,००० चं आहे, करासकट. फी २०० रुपये आणि त्यावर ३६ रुपये कर धरला तर एक तिकीट ४,२३६ ला पडलं, चार तिकिटं १६,९४४ ला. कार्डाची मर्यादा १५,००० असेल तर व्यवहार अडकणार आणि त्या क्षणी तुम्हाला कारण कळणारही नाही.

पैसे भरायच्या पानावर देणगी, विमा किंवा खाण्याचं कूपन आधीच टिक केलेलं आहे का तेही बघा. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं आणि शुल्क शेवटपर्यंत लपवून ठेवणं, या दोन्ही गोष्टींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केली आहे. असं काही आढळलं तर स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करता येते.

३. जागा आदल्या दिवशीच ठरवा

सवाईला जाताना भारतीय बैठक घ्यायची की खुर्ची हे आपण घरूनच ठरवून निघतो. इथेही तसंच करायचं. विक्रीच्या दोन-चार दिवस आधी बैठकीचा नकाशा टाकला जातो. तो मोठा करून बघा: स्टेज कुठल्या टोकाला आहे, कुठले स्टँड बाजूने दिसतात, ‘दृश्याला अडथळा’ असं कुठल्या भागावर लिहिलंय.

मैदानातलं स्टँडिंग तिकीट स्टेजच्या जवळ असतं म्हणून सगळ्यांना हवं असतं. पण पुढची जागा हवी असेल तर दुपारी गेट उघडताना पोचावं लागतं आणि रात्री दहापर्यंत पाय जमिनीवर. उंची पाच फुटांच्या आत असेल, गुडघे दुखत असतील किंवा बरोबर आईबाबा असतील तर वरच्या स्टँडमधली खुर्ची कितीतरी बरी. आम्ही खुर्ची घेतली. अख्खं मैदान मनगटावरच्या दिव्यांनी एकदम पिवळं झालं, ते वरून जसं दिसलं तसं खाली गर्दीत उभं राहून दिसलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

लहान मुलं न्यायची असतील तर वयाची अट वाचा. काही ठिकाणी ठरावीक वयाखाली प्रवेशच नसतो आणि काही ठिकाणी मांडीवरच्या बाळालाही पूर्ण तिकीट लागतं.

किती तिकिटं मिळतील यालाही मर्यादा असते, मोठ्या कार्यक्रमांना बहुधा चार. सहा जणांचा ग्रुप असेल तर कोण कोणाचं काढणार हे आधीच वाटून घ्या. दोघांनी प्रत्येकी तीन काढली तर जागा शेजारी येतीलच असं नाही, हेही सगळ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत.

४. रंगीत तालीम करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विक्रीच्या आठवडाभर आधी त्याच साइटवरून, त्याच खात्यातून, त्याच कार्डाने एक छोटं तिकीट काढा. आम्ही एका नाटकाची दोन तिकिटं काढली. नाटकही बघून झालं आणि अडचणी काय येऊ शकतात तेही कळलं.

या तालमीत चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, कार्डाचा ऑनलाइन वापर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन किंवा बदलून आलेलं कार्ड सुरुवातीला फक्त एटीएम आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन वापर तुम्हाला स्वतः बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावा लागतो. कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘ई-कॉमर्स’ किंवा ‘ऑनलाइन व्यवहार’ असं बटण असतं आणि त्याच्याखाली दिवसाची मर्यादा. बटण सुरू आणि मर्यादा ५,००० असंही असू शकतं. दोन्ही बघा.

दुसरी, कार्ड जतन होणं. ऑक्टोबर २०२२ पासून साइट्सना तुमच्या कार्डाचा खरा नंबर ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे एक सांकेतिक क्रमांक, ठेवलं जातं. छोटा व्यवहार करताना ‘कार्ड सेव्ह करा’ला होकार दिलात की टोकन तयार होतं. मग खऱ्या दिवशी सोळा आकडे टाइप करावे लागत नाहीत, सीव्हीव्ही आणि ओटीपी पुरतो. नोव्हेंबरात माझे हात थरथरत होते, सोळा आकडे मी नक्की चुकवले असते.

तिसरी, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो. संयुक्त खातं असेल तर तो यजमानांच्या फोनवर जातो आणि ते नेमके वाण्याकडे गेलेले असतात. त्या तासाभरात तो फोन तुमच्या शेजारी हवा.

चौथी, यूपीआयची मर्यादा. साधारण एका दिवसाला एक लाख रुपये जातात. पण नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं असेल तर पहिल्या चोवीस तासांत ५,००० च्या वर रक्कम जात नाही. त्यामुळे विक्रीच्या आदल्या दिवशी फोन किंवा सिम बदलू नका, कितीही चांगली ऑफर आली तरी.

५. विक्रीचा दिवस

अर्धा-पाऊण तास आधी लॉग इन करून बसा. बऱ्याच साइट्स विक्रीच्या काही वेळ आधी वेटिंग रूम, म्हणजे थांबून राहायचं पान, उघडतात. लोकांचा समज असा की जो आधी आला त्याचा नंबर पुढे. पुष्कळदा तसं नसतं. वेटिंग रूममध्ये असलेल्या सगळ्यांना विक्री सुरू होताना चिठ्ठ्या टाकल्यासारखे नंबर मिळतात आणि जे नंतर येतात ते त्यांच्या मागे लागतात. म्हणजे पहाटेपासून बसून उपयोग नाही, पण बाराच्या ठोक्याला वेटिंग रूममध्ये नसलात तर नुकसान नक्की.

नंबर मिळाल्यावर पान रिफ्रेश करू नका. मागे जाऊ नका, टॅब बंद करू नका. लॅपटॉप झोपी जाणार नाही असं सेटिंग आधीच करून ठेवा. फोनवर असाल तर स्क्रीन चालू राहू द्या आणि येणारे कॉल बंद करा. आकडा दहा मिनिटं हलला नाही तरी रांग पुढे सरकत असते.

एकाच खात्यावरून चार टॅब उघडणं बहुतेक वेळा अंगाशी येतं. साइटला ते संशयास्पद वाटतं किंवा एक टॅब दुसऱ्याला बाहेर काढतो. त्यापेक्षा घरातल्या दोघांनी आपापल्या खात्यावरून, आपापल्या फोनवरून रांग लावावी, जमल्यास एक वायफायवर आणि एक मोबाइल डेटावर. एकाचं काम झालं की दुसऱ्याने बाहेर पडावं. मागे लाखो लोक उभे असतात.

आत गेल्यावर पहिली पसंती संपलेली दिसली तर हळहळत बसू नका, कागदावरच्या दुसऱ्या पसंतीवर जा. तिकिटं निवडली की घड्याळ सुरू होतं आणि तेवढ्यात पैसे भरायचे असतात. नावं, ईमेल, पिन कोड या गोष्टी विचारल्या तर एक जण वाचून दाखवेल आणि एक जण टाइप करेल अशी जोडी करा. लेक मला आकडे वाचून दाखवत होती आणि मी स्क्रीनवरून नजर हटवत नव्हते.

‘सोल्ड आउट’ दिसलं तरी लगेच उठू नका. ज्यांचे पैसे भरण्यात अडतात त्यांची तिकिटं काही मिनिटांनी परत विक्रीला येतात. शिवाय मागणी पाहून जादा शो जाहीर होऊ शकतो. नवी मुंबईत १८ आणि १९ जानेवारीचे दोन शो ठरले होते, आणि विक्रीच्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा जाहीर झाला. रांगेत टिकून राहिलेल्यांना त्याचा फायदा झाला.

६. पैसे गेले पण तिकीट आलं नाही

घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी अ‍ॅपमधलं ‘माझी बुकिंग’ किंवा ‘ऑर्डर’ उघडा, ईमेल आणि त्याचा स्पॅम फोल्डर बघा. कन्फर्मेशन पाच-दहा मिनिटं उशिरा येऊ शकतं. बुकिंग झालंच नसेल तर पैसे परत येतात. यूपीआयने दुकानदाराला केलेला व्यवहार असा अर्धवट राहिला तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी आणि त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा, बँकेत तोच विचारतात.

मदतीसाठी फोन नंबर गूगलवर शोधू नका. पैसे अडकलेल्या माणसाची वाट बघत बसलेले लोक तिथेच खोटे कस्टमर केअर नंबर पेरून ठेवतात. अ‍ॅपमधल्या ‘मदत’ विभागातूनच तक्रार करा. ‘पैसे परत मिळण्यासाठी यूपीआय पिन टाका’ असं कुणी सांगितलं तर फोन ठेवा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं तरी तेच.

७. तिकीट मिळालं नाही तर

हा टप्पा सगळ्यात धोक्याचा. मन खट्टू झालेलं असतं आणि तासाभरात इन्स्टाग्राम, टेलिग्रामवर ‘माझ्याकडे दोन जादा आहेत’ असे मेसेज सुरू होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये काही हजारांची तिकिटं इतरत्र लाखांत विकायला लावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या.

माझ्या लेकीच्या कॉलेजातल्या एका मुलीने असंच तिकीट घेतलं. समोरच्याने पीडीएफ पाठवली, त्यावर क्यूआर कोड होता, जागेचा नंबर होता, सगळं खऱ्यासारखं. गेटवर मशीनने लाल दिवा दाखवला. तो कोड आधीच कुणीतरी वापरून आत गेलं होतं. एकच पीडीएफ दहा जणांना विकता येते, आणि त्यांतला जो पहिला गेटवर पोचतो तोच आत जातो. ती मुलगी बाहेर फुटपाथवर बसून आतलं गाणं ऐकत होती, हे लेकीने सांगितलं तेव्हा माझ्या पोटात तुटलं.

तिकीट खरं असलं तरी धोका आहेच. बहुतेक विक्रेत्यांच्या अटींत पुन्हा विकलेलं तिकीट रद्द करण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो. म्हणून वाट बघायची तर अधिकृत जागीच बघा: अ‍ॅपमध्ये ‘मला कळवा’ सुरू ठेवा, कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात रोज एकदा पान उघडा. आयोजकांकडच्या राखीव जागा किंवा स्टेज उभं राहिल्यावर मोकळ्या झालेल्या जागा तेव्हा विक्रीला येऊ शकतात. दुसऱ्या शहराचाही विचार करा. आम्हाला तिकीट घराजवळ मिळालं नाही, अहमदाबादला मिळालं. फक्त तिकीट हाती येताच रेल्वे आणि राहण्याची सोय त्याच दिवशी बघा, कारण हॉटेलांचे दर पुढच्या काही तासांत चढतात.

फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

८. तिकीट हाती आल्यापासून गेटपर्यंत

तिकीट कुठल्या रूपात मिळणार ते वाचा. काही कार्यक्रमांचं अ‍ॅपमध्येच दिसतं, काहींचं कुरियरने घरी येतं, काहींना आधी काउंटरवरून मनगटपट्टा घ्यावा लागतो. कुरियरने येणार असेल तर पत्ता नीट द्या आणि त्या आठवड्यात घरी कोण असेल ते ठरवा. सोसायटीच्या वॉचमनकडे सोडायला सांगू नका.

आनंदाच्या भरात तिकिटाचा फोटो स्टेटसला टाकू नका. क्यूआर किंवा बारकोड दिसला की त्याची नक्कल करता येते. फोटो टाकायचाच तर कोडवर बोट ठेवून काढा. ओळखपत्र म्हणून आधार दाखवायचं असेल तर मूळ कार्ड जवळ ठेवा, आणि कुणाला प्रत पाठवावीच लागली तर मास्क्ड आधार पाठवा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

बरोबरच्यांची तिकिटं तुमच्याच खात्यावर असतील तर आयोजकांच्या सूचना बघा. काही ठिकाणी अ‍ॅपमधून प्रत्येकाला त्याचं तिकीट पाठवता येतं, ते आदल्या रात्रीच करा. काही ठिकाणी सगळ्यांना एकत्रच आत जावं लागतं. मैदानाजवळ हजारो लोक एकदम फोन वापरत असतात, नेटवर्क मिळेलच असं नाही. त्यामुळे तिकीट घरीच डाउनलोड करा किंवा फोनमधल्या वॉलेट अ‍ॅपमध्ये घालून ठेवा. स्क्रीनशॉट चालतो की नाही ते आधी वाचा, कारण काही अ‍ॅपमधला कोड दर थोड्या वेळाने बदलतो आणि जुना स्क्रीनशॉट मशीन घेत नाही.

नेऊ न देण्याच्या वस्तूंची यादी असते: मोठी बॅग, पाण्याची बाटली, छत्री, अनेकदा पॉवर बँकही. ठेवायला जागा असेलच असं धरू नका. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमला जाणार असाल तर हार्बर लाइनच्या लोकलने नेरूळ किंवा जुईनगरला उतरून चालत जाणं गाडीपेक्षा सोपं. महालक्ष्मी रेसकोर्सला महालक्ष्मी स्थानक जवळ आहे. परतीचं तिकीट जाताना काढून ठेवा आणि शेवटची लोकल किती वाजता आहे ते बघून निघा. तिकिटावर गेट नंबर छापलेला असतो. तो निघतानाच वाचा, कारण चुकीच्या गेटवर पोचलात तर मैदानाला वळसा घालायला अर्धा तास सहज जातो.